डोंगरी सायकली आणि शेतकऱ्याचा बांध

सुटीचा दिवस आला की पुण्या-मुंबईकडील हौशी सायकलस्वारांचे जथे मावळ, मुळशी, भोर या भागांतील डोंगरांकडे निघतात. त्यांच्या सायकली जाड व खोल खाचांच्या टायरांच्या असतात, आणि दगडगोट्यांतून, चढउतारांवरून त्या सहज चालतात. सुमारे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या उतारावर काही तरुणांनी जुन्या सायकलींची डागडुजी करून हा खेळ आरंभिला. तेथून तो जगभर पसरला व सह्याद्रीतही आला. खेळ म्हणून तो निंद्य नाही. शहरातील तरुण शरीरकष्टाची आवड धरतात आणि डोंगर, ओढे व शेते डोळ्यांनी पाहतात, ही गोष्ट इष्टच होय. परंतु डांबरी रस्ता सोडून सायकल ज्या वाटेला लागते, ती वाट कोणाची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ती वाट पुष्कळदा एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरून, गवताच्या रानातून किंवा नाचणीच्या उतारावरून गेलेली असते.

भातशेतीच्या भागात बांध म्हणजे केवळ दोन शेतांमधील हद्द नव्हे. खाचरात पाणी साठवून धरणारी ती भिंत आहे. आषाढातील पावसाने बांधाची माती भिजून मऊ झालेली असते. माणसाचे पाऊल तिच्यावर पडले तर खड्डा पडतो, पण तो तेवढ्यापुरता राहतो. चाकाने पडणारी खाच मात्र सलग असते. त्याच खाचेवरून मागून आणखी दहा सायकली गेल्या की बांधाचा माथा खचतो, त्यावरून पाणी वाहू लागते आणि पुढील मोठ्या पावसात बांध त्याच ठिकाणी फुटतो. एका खाचराचे पाणी असे सुटले की खालच्या खाचरांतील नुकती लावलेली रोपे उपटून जातात, आणि पाण्याबरोबर वरची कसदार माती व दिलेले खतही जाते. बांध पुन्हा घालावयाचा तर तो ऐन लावणीच्या घाईत, जेव्हा गावात मजूर मिळत नाही. सायकलस्वाराला यातले काहीच दिसत नाही, कारण बांध फुटतो तेव्हा तो आपल्या घरी पोहोचलेला असतो.

उतारावरील जमिनीची गोष्ट याहून निराळी नाही. चाकोरी उताराच्या दिशेने पडली की पावसाचे पाणी पसरून न वाहता त्या चाकोरीत गोळा होते, वेग घेते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिची घळ होते. जी बांधबंदिस्ती समपातळीत करून पाणी अडविण्याचा इतका खटाटोप होतो, तिला अशी एक उभी चाकोरी छेद देते. सुगीनंतरही धोका संपत नाही. भाताची कापणी झालेले खाचर बाहेरून येणाऱ्यास ओसाड दिसते. प्रत्यक्षात त्याच ओलीवर वाल, हरभरा किंवा मसूर पेरलेला असतो आणि त्याचे कोंब नुकते वर येत असतात. कुंपणाचे कवाड उघडे राहिले तर गुरे आत शिरतात. वळणावर अकस्मात आलेल्या सायकलीने बैल बुजतो किंवा गाभण गाय उधळते. शिवाय चाकाच्या चिखलातून तणाचे बी एका रानातून दुसऱ्या रानात जाते. गाजरगवत भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले, आणि त्याचे बारीक, हलके बी वाऱ्यापाण्याबरोबरच वाहनांच्या चाकांनीही पसरते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको.

यावर काही सायकलस्वार असे म्हणतात की, या वाटा पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहेत, तेव्हा त्या सर्वांच्या आहेत. हे म्हणणे अंशतःच खरे आहे. गावात वाटा तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार गावनकाशावर दाखविलेल्या गाडीमार्गांचा व पायमार्गांचा. हे सार्वजनिक असून त्यांवरून जाण्यास कोणाचीही आडकाठी असू नये. दुसरा प्रकार वहिवाटीच्या वाटांचा. शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावे यासाठी कायद्याने या वाटांना संरक्षण दिले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणे शेताच्या हद्दीवरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार करू शकतात, आणि मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ खाली अशा वाटेतील अडथळा दूर करविता येतो. परंतु हा हक्क शेत कसणाऱ्यासाठी आहे, सहलीस आलेल्या पाहुण्यासाठी नाही. तिसरा प्रकार म्हणजे ज्या वाटेने गावकरी एकमेकांच्या सौजन्यावर ये-जा करतात ती वाट. शेजारी शेजाऱ्याला अडवीत नाही, कारण उद्या त्यालाही शेजाऱ्याच्या बांधावरून जावयाचे असते. परक्या माणसाने या सौजन्यास आपला हक्क समजणे सर्वस्वी चुकीचे आहे. सायकलस्वार बहुतेक वेळी ज्या वाटा निवडतात, त्या याच तिसऱ्या प्रकारच्या असतात.

दुसऱ्या बाजूस शेतकऱ्यांच्या मनातही एक भीती असते. आज चार सायकली जाऊ दिल्या तर उद्या कायमचा रस्ता पडेल व जमीन हातची जाईल, असे अनेकांस वाटते, आणि म्हणून ते बोलण्यासही तयार नसतात. ही भीती समजण्यासारखी असली तरी कायदा पाहता ती अनाठायी आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ याप्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा अधिकार दीर्घ वापराने मिळावयाचा तर तो वापर वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काच्या नात्याने झालेला असावा लागतो. जो वापर मालकाच्या परवानगीने होतो, तो हक्काच्या नात्याने झालेला धरला जात नाही. त्याचप्रमाणे केवळ जाऊ देण्याची साधी परवानगी मालकाला सामान्यतः मागे घेता येते. म्हणजे तोंड बंद ठेवून मनात जळत राहणारा शेतकरी जितका सुरक्षित आहे, त्यापेक्षा लेखी परवानगी देऊन तिची प्रत जवळ ठेवणारा शेतकरी अधिक सुरक्षित आहे. ही गोष्ट ग्रामकार्यकर्त्यांनी गावोगाव समजावून सांगितली तर निम्मे तंटे उद्‌भवणारच नाहीत.

या प्रश्नाचे मूळ मात्र कायद्यात नसून नफ्यातोट्याच्या वाटणीत आहे. सायकलस्वारांच्या येण्याने गावाला लाभ होतो हे खरे आहे. रस्त्यालगतच्या हॉटेलवाल्याचा चहा खपतो, कोणाची खोली भाड्याने जाते, कोणी जेवणाचे डबे पुरवितो. पण ज्याचा बांध तुटतो तो शेतकरी आणि ज्याच्या गल्ल्यात पैसे पडतात तो दुकानदार, हे दोघे बहुधा वेगवेगळे असतात. एकाच्या पदरी सगळा लाभ व दुसऱ्याच्या पदरी सगळा तोटा, अशी व्यवस्था कोणत्याही गावात फार काळ टिकत नाही.

अमेरिकेतील व्हर्मांट राज्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील ईस्ट बर्क या लहान गावाच्या परिसरात १९९४ साली ‘किंग्डम ट्रेल्स’ ही संस्था स्थापन झाली. तिने जमीनमालकांशी बोलून, त्यांच्या परवानगीने, शेतांतून व रानांतून सायकलींच्या वाटा आखल्या. या वाटांची लांबी दीडशे किलोमीटरांच्या वर गेली, आणि त्या मुख्यतः खाजगी मालकांच्या जमिनींवरून जात होत्या. दूरदूरहून लोक येऊ लागले. गावातील खाणावळी, दुकाने व मुक्कामाची घरे यांना बरकत आली. पुढे गर्दी फार वाढली, आणि काही स्वारांच्या अविचारी वर्तनाबद्दल कुरबुर सुरू झाली. अखेरीस डिसेंबर २०१९ मध्ये डार्लिंग हिल या टेकडीवरील तीन मालकांनी आपल्या जमिनींवर सायकलींना मनाई केली. केवळ तिघांचा हा निर्णय. परंतु त्या जाळ्यातील अत्यंत आवडत्या वाटा त्यामुळे बंद झाल्या आणि संपूर्ण परिसराला त्याची झळ लागली. मालकांनी कोणताही करार मोडला नव्हता. दिलेली परवानगी त्यांनी परत घेतली, एवढेच. वाटेवर उभा राहिलेला गावाचा रोजगार किती थोड्या लोकांच्या राजीखुशीवर अवलंबून असतो, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानात आले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण स्कॉटलंडचे आहे. तेथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने लोकांना खाजगी जमिनीवरूनही पायी, घोड्यावरून वा सायकलीवरून जाण्याचा हक्क दिला, आणि २००५ पासून तो अमलात आला. सह्याद्रीतील काही सायकलस्वार या कायद्याकडे मोठ्या आशेने बोट दाखवितील. परंतु त्यांनी तो पुरता वाचावा. हा हक्क जबाबदारीने वागणाऱ्यालाच आहे, आणि ज्या जमिनीत पीक पेरलेले वा उभे आहे ती जमीन त्यातून वगळली आहे. इतकी मोकळीक देणाऱ्या देशानेसुद्धा उभ्या पिकात पाय घालण्याची मुभा दिलेली नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शेतकरी बंधूंनीही एका बाबतीत सावध राहावे. संतापाच्या भरात वाटेवर काटे पसरणे, खड्डे खणून झाकणे किंवा आडवी तार ताणणे, असे प्रकार अगदी निषिद्ध मानले पाहिजेत. वेगाने येणाऱ्या स्वाराच्या गळ्याला तार लागली तर त्याचा जीव जाईल आणि ज्याचे नुकसान झाले होते तोच फौजदारी गुन्ह्याचा आरोपी ठरेल. शिवाय अशी तार माणूस ओळखत नाही. पहाटे दूध घेऊन जाणारा गावचा पोरही तिच्यात अडकू शकतो.

यास्तव गावाने तंटा होण्यापूर्वीच व्यवस्था करावी हे उत्तम. उन्हाळ्यात, शेतीची कामे थोडी सैल असताना, ग्रामकार्यकर्त्यांनी भूमि अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्यावी आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन सार्वजनिक वाटा कोणत्या व खाजगी जमिनीतील कोणत्या, हे प्रत्यक्ष शिवारात फिरून निश्चित करावे. सायकलींना जाऊ द्यावयाचे असल्यास शक्यतो एकच वाट ठरवावी. खाजगी गटातून ती जात असेल तर त्या गटाच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. सातबाऱ्यावर अनेक नावे असल्यास सर्व हिस्सेदारांना विचारावे, आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्याचा होकार तर अवश्य मिळवावा. कारण मुंबईला राहणाऱ्या हिस्सेदाराच्या होकाराने कसणाऱ्याचा बांध दुरुस्त होत नाही. परवानगीच्या कागदावर गट क्रमांक, वाट, मुदत आणि ‘ही परवानगी मालक केव्हाही रद्द करू शकेल’ हे वाक्य असावे. भातखाचरांतील वाटा पेरणीपासून कापणीपर्यंत पूर्णपणे बंद ठेवाव्यात, आणि तसा स्पष्ट मराठी फलक वाटेच्या तोंडाशी लावावा. वनखात्याच्या जमिनीसाठी त्या खात्याची परवानगी वेगळी लागते, हेही सांगावे.

स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींनी केवळ ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला घेऊन थांबू नये. ग्रामपंचायत आपल्या रस्त्यांपुरते बोलू शकते. एखाद्याच्या खाजगी गटातून जाण्यास संमती देणे तिच्या हातात नाही. तसेच अशा स्पर्धांतून व मुक्कामांतून जे उत्पन्न होते, त्यातील ठराविक भाग बांधदुरुस्तीसाठी बाजूला काढण्याचा ठराव ग्रामसभेत चर्चेस ठेवावा. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीवरून वाट जाते त्यालाच न्याहारीची, मुक्कामाची किंवा धान्यविक्रीची पहिली संधी मिळाली, तर पर्यटनाचा लाभ योग्य हाती पडेल.

सायकलस्वारांकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. शेतात कोणी दिसल्यास थांबून, “काका, इकडून जाऊ का?” एवढे विचारावे, आणि ‘नको’ असे उत्तर आल्यास वाद न घालता मागे फिरावे. बांधावर सायकलीवरून उतरून ती उचलून न्यावी. ओल्या मातीत चाक उमटू लागले की तो दिवस डांबरी रस्त्याचा समजावा. कवाड जसे होते तसे लावावे, गुरे दिसताच थांबावे, आणि एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाण्यापूर्वी चाकाचा चिखल झाडून टाकावा.

ज्या शेतकऱ्याने अमक्या वर्षी वाट दिली, त्यानेच पुढल्या वर्षीही ती आनंदाने द्यावी, ही या व्यवस्थेची खरी कसोटी आहे. त्यासाठी पावसाळ्यानंतर एकदा ग्रामकार्यकर्त्यांनी व सायकलस्वारांच्या प्रतिनिधींनी मालकासह ती वाट चालून पाहावी, कोठे बांध खचला, कोठे चाकोरी पडली याची नोंद करावी, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या वाटेवर सायकल जाऊ देऊ नये. येत्या उन्हाळ्यात डोंगरपट्ट्यातील प्रत्येक गावाने निदान एवढे काम हाती घ्यावे.