रविवारचे दोन तास, मुलांच्या हिमतीसाठी

आपलं मूल धीट व्हावं असं प्रत्येक आई-वडिलांना वाटतं. पण धीटपणा शिकवायचा कसा, असं विचारलं तर बहुतेक घरांत एकच उपाय सापडतो. "घाबरू नकोस" असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मुलगा रडला तर "पोरीसारखा रडतोस काय" असं वर ऐकवायचं. मुलगी झाडावर चढू लागली तर "उतर खाली, पडशील" म्हणायचं. म्हणजे मुलाला भीती कबूल करायला बंदी आणि मुलीला भीतीच्या जवळ जायला बंदी. हिंमत कोणालाच शिकायला मिळत नाही. राहिलेलं शिक्षण मोबाईल देतो. तिथे शूर कोण, तर जो एकटा दहा जणांना लोळवतो तो. आपल्या मोहल्ल्यातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना विचारून पाहा, हिंमतवाला कोण? नव्वद टक्के उत्तरांत मारामारी असेल.

मला वाटतं, हिंमत आणि एकमेकांना धरून राहणं या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी शिकता येतात, आणि ते ठिकाण म्हणजे सांघिक खेळाचं मैदान. त्यासाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही. स्काउट चळवळीने ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीच बसवली आहे. आपण तरुणांनी ती आपल्या वस्तीत आणायला हवी.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो आपल्याशीही जोडलेला आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात बड्या निवासी शाळांमधली श्रीमंत घरची मुलं होती आणि जवळच्या गावांतली कामगारांची मुलंही होती. वर्गभेद पाळणाऱ्या त्या समाजात त्याने ही मुलं चार संघांत मिसळून टाकली. प्रत्येक संघाचा नायक एक मुलगाच. पुढे १९१६ मध्ये लहान मुलांसाठी 'कब' शाखा आली. तिच्यासाठी रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधलं जग घेतलं, म्हणजे आपल्या सिवनीचं, नागपूरपासून फार दूर नसलेलं जंगल. म्हणून आजही जगभरातल्या अनेक देशांत कबच्या प्रमुखाला 'अकेला' म्हणतात.

गंमत अशी की जंगल हिंदुस्थानचं, पण सुरुवातीच्या स्काउट पथकांत हिंदुस्थानी मुलांना प्रवेश नव्हता. १९०९ मध्ये बंगळुरूला सुरू झालेलं पहिलं पथक युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतं होतं. मग अ‍ॅनी बेझंट, मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी आपल्या मुलांसाठी वेगळ्या संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर या सगळ्यांना एकत्र आणण्यासाठी जे झटले त्यांत शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझादही होते. ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स' संघटना झाली आणि पुढच्या वर्षी गाईड्सही त्यात आल्या. तिच्या नियमांत स्काउट सर्वांचा मित्र असतो असं म्हटलंय आणि स्काउट साहसी असतो असंही म्हटलंय. ही दोन वाक्यं एकाच यादीत आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि रविवारी सकाळी कबच्या वयाच्या, म्हणजे साधारण सहा ते दहा वर्षांच्या मुलामुलींबरोबर मैदानावर असतो. तिथला एक खेळ सांगतो. मैदानावर जुने टायर, वाळूची पोती, पाण्याची घमेली असे अडथळे मांडायचे. सहा मुलांची रांग करायची, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यांवर. पहिल्या पाच जणांच्या डोळ्यांवर पट्टी, फक्त शेवटच्याचे डोळे उघडे. बोलायचं नाही. शेवटच्याने पुढच्याचा उजवा खांदा दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे, दोन्ही दाबले की पुढे, दोन्हींवर थाप मारली की थांबायचं. खूण हातोहात पुढे पोचते आणि रांग चालू लागते.

हा खेळ सुरू करताना एखादं मूल हमखास म्हणतं, "सर, मेरेको डर लगता." त्या वेळी "डरना नहीं" म्हणायचं नाही. "ठीक आहे, मग तू मधे उभा राहा" एवढंच म्हणायचं. पुढे एक खांदा आहे आणि मागे दोन हात आहेत, हे त्याला अंधारात कळतं. भीती जात नाही, पण पाऊल पडतं. हिंमत म्हणजे माझ्या मते एवढंच असतं. भीती असताना पुढचं पाऊल टाकणं. दुसऱ्या फेरीत त्याच मुलाला सगळ्यात मागे, उघड्या डोळ्यांनी उभं करावं. जो घाबरला होता तोच सगळ्यात सावकाश आणि सांभाळून रांग नेतो, कारण पट्टीच्या आत काय वाटतं ते त्याला ठाऊक असतं.

यात दोन नियम मोडायचे नाहीत. पहिला, कोणावर सक्ती नाही. जो नको म्हणेल त्याच्या हातात घड्याळ द्यावं आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारावं. दुसरा, घाबरणाऱ्याला हसायचं नाही. हसलं की मूल भीती लपवायला शिकतं, आणि लपवलेली भीती पुढे कमजोर मुलावर दादागिरी बनून बाहेर येते.

आता एकजुटीचं पाहू. अडथळ्यांच्या शर्यतीत घड्याळ कधी थांबवायचं यावर सगळा खेळ अवलंबून असतो. पहिलं मूल पोचल्यावर थांबवलं तर चपळ मुलं मागे वळून बघतसुद्धा नाहीत. शेवटचं मूल पोचल्यावर थांबवलं तर सगळं बदलतं. सुरुवातीला चपळ मुलं सावकाश चालणाऱ्यांवर ओरडतात. एक-दोन रविवार गेले की त्यांच्या लक्षात येतं, ओरडून वेळ कमी होत नाही. मग कोणीतरी आपणहून परत फिरतं आणि हात देतं. एकही भाषण द्यावं लागत नाही.

याच कारणासाठी संगीत खुर्चीसारखे बाद करणारे खेळ मी फार घेत नाही. त्यात सगळ्यात आधी बाहेर बसतं ते मूल, ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते. त्यापेक्षा आपला खो-खो पाहा. पाटीवर आठ जण बसलेले, एकाआड एक उलट दिशेला तोंड करून. पाठलाग करणाऱ्याला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही. कितीही वेगाने पळणारा असो, एकट्याने डाव संपवू शकत नाही. त्याला 'खो' द्यावाच लागतो, आणि बसलेल्याला त्या क्षणी उठायला तयार असावं लागतं. कबड्डीतही चढाईला जाणारा एकटा असतो, पण त्याने गडी टिपला की आपला बाद झालेला गडी परत मैदानात येतो.

किपलिंगच्या 'किम' कादंबरीवरून आलेला 'किम्स गेम' तर घरातसुद्धा घेता येतो. ताटात वीस-चोवीस वस्तू ठेवायच्या, एक मिनिट दाखवायच्या, झाकायच्या, मग आठवून लिहायला सांगायचं. गटाने खेळलं की थोड्याच वेळात मुलं स्वतःच ताटाचे भाग वाटून घेतात. तू हा कोपरा बघ, मी तो बघतो. पळण्यात मागे पडणारं एखादं शांत मूल इथे सगळ्या गटाला तारून नेतं.

माझ्या क्षेत्रातला अनुभवही हेच सांगतो. सॉफ्टवेअर एकटा हुशार माणूस बनवत नाही, टीम बनवते. तिथे सगळ्यात जास्त हिंमत कशाला लागते? भरल्या मीटिंगमध्ये "मला हे कळलं नाही" किंवा "इथे काहीतरी गडबड आहे" असं म्हणायला. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त दिसली. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथले लोक चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होते. आपली हुशार मुलं-मुली मुलाखतीत अडखळतात, नोकरीत गप्प बसतात. त्याचं एक कारण मला हे दिसतं की चारचौघांत चुकायचा सराव त्यांना लहानपणी मिळालेलाच नसतो.

यावर नेहमीचे आक्षेप आहेत. अभ्यास बुडेल? आठवड्यातले दोन तास आहेत, तेवढे रील्समध्ये एका रात्रीत जातात. ही लष्करी शिस्त आहे? गणवेश आणि कवायत एवढंच केलं तर होईल, म्हणून खेळ आधी आणि कवायत नंतर. मुलींचं काय? गाईड आणि बुलबुल या शाखा त्यांच्यासाठीच आहेत. मुलींचं पथक मुलांच्या पथकाइतक्याच तयारीने उभं राहिलं पाहिजे, आणि त्यासाठी शिकवायला पुढे येणाऱ्या तरुणीही हव्यात. धर्माला बाधा? स्काउटच्या वचनात ईश्वर आणि देश या दोन्हींप्रती कर्तव्याचा उल्लेख आहे आणि हवं तर ईश्वर या शब्दाऐवजी धर्म म्हणण्याची मुभा आहे. मैदान नाही? ही अडचण खरी आहे. दाट वस्तीत मोकळी जागा मिळत नाही. पण शाळेचं पटांगण रविवारी बंद असतं. त्याची किल्ली मागायला आपण चार जण मिळून मुख्याध्यापकांकडे जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. पथक फक्त आपल्या गल्लीतल्या मुलांचं असू नये. शेजारच्या वस्तीतल्या, दुसऱ्या माध्यमाच्या शाळेतल्या मुलांनाही बोलवावं. ज्याच्या खांद्यावर हात ठेवून आपण डोळे मिटून चाललो, त्याच्याबद्दल अफवा आली तर मूल निदान एकदा विचार करेल. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी पाणी घर कोणाचं ते विचारत नाही. तेव्हा उपयोगी पडतात ती दोरी नीट बांधणारी, न ओरडता रांग धरणारी आणि शेवटच्या माणसासाठी थांबणारी माणसं. ती त्या दिवशी तयार होत नाहीत. त्यांची तयारी आधीच, साध्या खेळात झालेली असते.

तेव्हा मित्रांनो, मैत्रिणींनो, वस्तीतल्या मुलांना काय झालंय अशी तक्रार आपण पुष्कळ करतो. आता जवळच्या शाळेत स्काउट-गाईड पथक आहे का ते विचारा. असेल तर मदतीला जा, नसेल तर जिल्हा स्काउट-गाईड कार्यालयात जाऊन ते कसं सुरू करायचं आणि शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण कधी असतं याची चौकशी करा. सुरुवातीला सहा मुलं पुरेत. एक दोरी, सहा रुमाल, चार जुने टायर आणि दर रविवारी न चुकता येणारी दोन मोठी माणसं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कुठेही मिळतात. चौथी आपल्यालाच व्हावं लागेल.