काढा द्यावा की न द्यावा?

आंजर्ल्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. सासूबाईंना स्तनाचा कर्करोग झाला आहे. दर तीन आठवड्यांनी त्यांना केमोथेरपीसाठी मुंबईला न्यावं लागतं. परत आलं की चार-पाच दिवस मळमळ, तोंड आलेलं, अन्नावर वासना नाही. वन्सं रोज गुळवेलीचा काढा आणि सदाफुलीच्या पानांचा रस देतात, वर बजावतात, "डॉक्टरांना सांगू नकोस हो, ते बंद करायला लावतील." यांनी करावं काय?

भगिनी, आधी सदाफुलीचा रस थांबवा. झाडपाल्यात काही नाही म्हणून नव्हे, आहे म्हणून! या दारातल्या सदाफुलीतूनच व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन ही केमोथेरपीची औषधं निघाली. एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळकी पानं लागतात. ते शिरेतून, मोजून देतात. एकानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, दुसऱ्यानं हातापायांच्या नसा दुखावतात. घरच्या रसात किती काय उतरलं, हे कोण मोजणार? शिवाय पेशी कमी असताना कच्च्या पानांच्या रसातून जंतूही पोटात जातात.

गुळवेलीचं थोडं निराळं. 2020 साली करोनाच्या दिवसांत गुळवेल घेणाऱ्या मुंबईतल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तो वाद राहू दे. केमोची कित्येक औषधं यकृतातूनच जातात. उद्या रक्ताचा रिपोर्ट बिघडला, तर डॉक्टर केमोला दोष देऊन पुढचा डोस लांबवतील, आणि खरं कारण कदाचित तुमच्या काढ्याच्या पातेल्यात असेल! तेव्हा डॉक्टरांना विचारेपर्यंत काढा बंद. अश्वगंधा, हळदीच्या गोळ्या यांनाही हेच लागू. आमटीतली हळद मात्र खुशाल घाला.

मग घरी करण्यासारखं काही नाही का? पुष्कळ आहे. मळमळीला आल्याचा लहानसा तुकडा चघळायला द्या किंवा चहात ठेचून घाला. रक्तातल्या प्लेटलेट्स कमी झाल्या असतील तर तेवढंही विचारूनच. तोंड आलं असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायला लावा. तोंड बरं असेल तेव्हा आमसुलाचं सार रुचतं, पण तोंड आलेलं असताना नको, फार झोंबतं. गुरगुट्या भात, तूप, मेतकूट, तांदळाची पेज थोडी थोडी दिवसातून सहा वेळा द्या. भांडंभर वाढलं की बघूनच नको होतं. पेजेचं काम वन्सांकडे सोपवा. आईसाठी त्यांचा जीव तुटतो आहे, नुसतं "काढा बंद" म्हटलंत तर घरात अबोला व्हायचा.

ताप 100.4 च्या वर गेला तर घरगुती काही करत बसू नका. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा आणि सांगतील तिथे लगेच घेऊन जा.

पुढच्या खेपेला जाताना दिलेल्या पाल्याची, पुड्यांची नावं वहीत लिहून न्या, पुड्याही पिशवीत टाका. कधीपासून आणि किती दिलं तेही लिहा. शक्य असेल तर वन्सांनाच बरोबर न्या आणि त्यांनाच विचारू द्या.