झूल वर करून बघा

लग्नसराई आली की आमच्या रस्त्यावरून दिवसाआड वरात जाते. बँड, फटाके आणि मधोमध नटवलेला घोडा. गेल्या वर्षी भाच्याच्या परण्याला मी ओवाळायला पुढे झाले. वाऱ्यानं घोड्याच्या पाठीवरची जरीची झूल सरकली आणि खाली तळहाताएवढी ओली जखम दिसली. अक्षता हातातच राहिल्या. "काही नाही ताई, खोगीर घासलंय जरा," घोडेवाला म्हणाला. शुभकार्यात विघ्न नको म्हणून मीही गप्प बसले. भाचा त्याच पाठीवर बसून मारुतीला जाऊन आला.

आषाढात तोच घोडा भाजी मंडईमागच्या उकिरड्यावर दिसला. जखम चिघळलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, म्हणजे मालकाला कमाई नाही. घोड्याला मात्र रोज पोट आहे. म्हणून दिला मोकळा सोडून!

आम्ही चार-पाच जणींनी त्याला आमच्या परसात आणलं. कुणी भिजवलेले हरभरे आणले, कुणी गूळ, कुणी उरलेल्या पोळ्या. सरकारी दवाखान्यातले पशुवैद्य आले आणि ओरडलेच, "मारायचाय का त्याला?" घोड्याला उलटी करता येत नाही. खूप दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम दाणा घातला, तर पोटशूळ उठतो, रक्तातल्या क्षारांचं गणित बिघडतं आणि तो दगावू शकतो. आधी गवत आणि लसूणघास, तेही थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. शिवाय स्वच्छ पाणी. दाणा कितीतरी नंतर. मला पटलं. टायफॉइडमधून उठलेल्या माणसाला आपण पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढतो का? पेजच देतो ना?

जखम रोज धुवायची, जंताचं औषध द्यायचं, दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर कापून घ्यायचे. अंगावर मांस चढायला चार महिने गेले. दया एका दुपारची असते. सेवा मात्र रोजची, हे तेव्हा कळलं.

एक दिवस मालकाची बायको आली. म्हणाली, "काकू, पावसाळ्यात पोरांना काय घालू आणि घोड्याला काय घालू?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणूनच, नुसतं जनावर सोडवून आणलं की काम झालं, असं मला वाटत नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, तेव्हाही त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे आलाच होता.

कायदा आहे, १९६० पासून आहे. पण जनावराला क्रूरपणे वागवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड किती? १० ते ५० रुपये! त्याला कोण भिणार? घोडेवाला भितो तो गिऱ्हाईक जाण्याला. आणि लग्नघरात ही ठरवाठरवी आपल्याच हातात असते की! साडीचा पदर आपण उलटून पालटून बघतो, मग सुपारी देताना घोड्याची पाठ का बघू नये? लंगडतोय का, लगाम काटेरी तर नाही ना, हेही बघावं. काटेरी लगामाला कायद्यानं बंदी आहे. फटाके घोड्यापासून लांबच उडवायला सांगावेत. जखम दिसली तर घोडा परत पाठवावा, पण चार पैसे औषधाला द्यावेत. आणि पावसाळ्यात गल्लीनं मिळून वैरणीला थोडी वर्गणी काढली, तर घोडा उकिरड्यावर येणारच नाही. आम्ही यंदा काढली. त्याच अटीवर घोडा मालकाकडे परत गेला.

माझ्या मुलाचं लग्न माघात आहे. त्याचा परण्या पायीच निघणार. नातेवाईक नाकं मुरडताहेत, मुरडू देत. तुमच्याकडे घोडा येणार असेल, तर मैत्रिणींनो, ओवाळण्याआधी एकदा झूल वर करून बघा. मी गप्प बसले, तशा तुम्ही बसू नका.