बंद गिरणी आणि कामगाराचा वाटा

गिरणी बंद पडली म्हणजे मालकाच्या वहींत तोट्याचा आंकडा लिहिला जातो. परंतु ज्या मजुरानें तिच्यांत आपलें तारुण्य वेंचिलें, त्याचा हिशेब कोणीं लिहावयाचा? या प्रश्नाकडे आम्ही विद्यार्थ्यांचें व पालकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत ताडदेव येथें कापसाची पहिली गिरणी स्थापिली. पुढें कोंकणांतून व देशावरून असंख्य माणसें लालबाग-परळांत येऊन राहिलीं. त्यांच्या मनीऑर्डरीवर गांवाकडची चूल पेटे. त्यांस जेवूं घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचा संसारही त्याच पगारावर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. आणि पुढें एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. भोंग्याबरोबर मनीऑर्डर थांबली, खाणावळ थांबली, कित्येक मुलांची शाळाही थांबली.

कोणी म्हणेल, यंत्रें जुनीं झालीं, भिवंडीचे यंत्रमाग स्वस्त कापड विणूं लागले. मग गिरणी बंद न होईल तर काय? हें आम्ही नाकारीत नाहीं. तोट्याचा धंदा सदैव चालवावा, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु यंत्रें भंगारांत गेलीं, तरी त्यांखालची जमीन सोन्याची झाली. तिला हें मोल येण्यांत कामगाराच्या घामाचा कांहींच भाग नव्हता काय? १९९१ च्या नियमानें त्या जमिनीचे ढोबळ मानानें तीन वाटे ठरले: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठीं, एक सार्वजनिक घरांसाठीं, एक मालकासाठीं. २००१ सालीं ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, व २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बदल ग्राह्य धरला. गिरणी कामगारांच्या घरांसाठीं म्हाडाची पहिली सोडत निघाली ती २०१२ सालीं, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनीं! तोंवर कित्येकांनीं जगाचा निरोप घेतला होता.

कारखाना बंद करण्याचा अधिकार मान्य केला, तरी देणें लांबविण्याचा अधिकार मान्य करितां येत नाहीं. आधीं कामगाराचें देणें, मग जमिनीचा सौदा, असा क्रम कायद्यानें घालून द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील कोणी उद्यां व्यवस्थापक होईल, कोणी वकील, कोणी अधिकारी. असा एखादा कागद तुमच्यापुढें सहीसाठीं आला, तर त्यांत कामगाराचा वाटा कोठें आहे, हें प्रथम शोधा. आणि तो नसेल, तर लेखणी खालीं ठेवा.