नकाशा रानाचा, ठावठिकाणा कोणासाठी?

कोल्हापूर - रानात जनावर नेमके कोठे सापडेल, हे एके काळी माग काढणाऱ्या मोजक्या जाणकारांनाच ठाऊक असे. आज डोंगराचा उतार, ओढ्याचा उगम, गवताळ सडा आणि उन्हाळ्यातही न आटणारा पाणवठा घरबसल्या मोबाईलच्या पडद्यावर दिसतो. उपग्रहांच्या छायाचित्रांनी राधानगरी-दाजीपूरचे रान सर्वांसाठी उघडे केले आहे. ही माहिती वन विभागाला, अभ्यासकांना आणि शेतकऱ्यांना जितकी उपयुक्त आहे, तितकीच ती चोरट्या शिकाऱ्यालाही उपयोगी पडू शकते. सह्याद्रीत वाघ पुन्हा स्थिरावण्याचे प्रयत्न सुरू असताना कोणती माहिती खुली ठेवायची आणि कोणती राखायची, याचा निर्णय त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

नकाशावरून जनावर शोधण्याचे तंत्र अमेरिकेत चांगलेच रुजले आहे. तेथील पश्चिमेकडील राज्यांत एल्क या सांबरापेक्षा मोठ्या हरणाची परवाना घेऊन शिकार करता येते. हंगाम सुरू होण्यापूर्वीच शिकारी उंचीरेषांचे नकाशे आणि हवाई छायाचित्रे पडताळतात. उत्तरेकडचा सावलीचा उतार, दोन शिखरांमधील खिंड, उतारावरची लहानशी सपाटी, जवळचे पाणी, चरायला गवत आणि रस्त्यापासून दूर असलेली जागा, अशा खुणा जेथे एकत्र येतात, तेथे कळप असण्याची शक्यता अधिक. मात्र परवान्याची शिकार मान्य असलेल्या त्या देशातही तंत्रज्ञानाला मर्यादा घालावी लागली. कोलोरॅडो, मोंटाना व अलास्का या राज्यांनी २०१४ मध्ये शिकारीसाठी ड्रोनच्या वापरावर निर्बंध आणले. जनावराला निसटण्याची संधीच उरणार नसेल तर ती शिकार कसली, हा त्यामागील विचार होता.

शिकारखाना ते अभयारण्य

कोल्हापूरला या विषयाची पार्श्वभूमी जुनी आहे. दाजीपूरचे रान संस्थानकाळात छत्रपतींच्या शिकारीसाठी राखीव होते. हाकारे, पारधी आणि स्थानिक वाटाडे हेच त्या काळचे चालते-बोलते नकाशे होते. या रानातील 'वाघाचे पाणी' यासारखे स्थळनाव आजही त्या ज्ञानाची साक्ष देते. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९५८ मध्ये येथे गव्यांसाठी राज्यातील पहिले अभयारण्य जाहीर झाले आणि १९८५ मध्ये त्याचा विस्तार ३५१.१६ चौरस किलोमीटरपर्यंत झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी शिकारीचा मार्ग बंद केला. गवा या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असून, त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

रान तेच राहिले. त्याकडे पाहण्याचा हेतू बदलला. गवा कोठे चरतो आणि कोठे पाणी पितो, हे पूर्वी बंदुकीसाठी शोधले जाई. आता ते गणनेसाठी, गस्तीसाठी आणि वणवा रोखण्यासाठी शोधले जाते.

खुल्या नकाशांचे युग

नकाशांबाबतचे सरकारी धोरणही या काळात सैल होत गेले. राधानगरी-दाजीपूरचा बराचसा भाग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एच या मालिकेत येतो. असे तपशीलवार पट मिळवणे सर्वसामान्यांना सोपे नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी वेगळी आणि नागरिकांसाठी वेगळी मालिका केली. त्याच वर्षी गुगल अर्थ आले. २००९ मध्ये 'इस्रो'ने 'भुवन' हे संकेतस्थळ सुरू केले. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेली बंधनेही बरीचशी शिथिल केली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर तपशिलाची छायाचित्रे तर दर काही दिवसांनी विनामूल्य उपलब्ध होतात.

या छायाचित्रांच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. सदाहरित रानाच्या दाट छत्राखाली काय आहे, हे त्यांत दिसत नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्री ढगांनी झाकलेला असतो. दहा मीटरच्या एका ठिपक्यात गवा ओळखता येणे शक्य नाही. छायाचित्रावरून कळते ती जनावराची संभाव्य जागा. प्रत्यक्ष जनावर नव्हे. ताजी विष्ठा, खुरांचे ठसे आणि झाडाच्या सालीवरील खुणा पाहण्यासाठी रानात पायी फिरण्याला आजही पर्याय नाही.

नकाशा काय सांगतो?

तरीही नकाशा जे सांगतो, ते दुर्लक्षिता येण्यासारखे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले आणि भुयेवाडी परिसरात एका तरुणाला प्राण गमवावे लागले. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०२० मध्ये, पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा गर्दीच्या पाठलागानंतर मरण पावला होता. 'गवे गावात का येतात?' हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो. कोल्हापूरपुरते त्याचे निदान काही अंशी उपग्रहाच्या छायाचित्रातच आहे. धरणांच्या पाण्यावर पोसलेला उसाचा हिरवा पट्टा खोऱ्याखोऱ्यांतून थेट रानाच्या कडेपर्यंत पोचलेला दिसतो. उन्हाळ्यात सडे करपतात, तेव्हाही हा पट्टा हिरवाच असतो. गव्याच्या दृष्टीने तेथे चारा, पाणी आणि लपण एकाच जागी आहे.

नकाशाचा दुसरा मोठा धडा वाघाने दिला. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपला गेलेला नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आढळला. अंगावरील पट्ट्यांवरून तो एकच असल्याची ओळख पटली. या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे. तिलारी, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळा आणि विशाळगड येथील संवर्धन राखीव क्षेत्रे याच भ्रमणमार्गाला आधार देण्यासाठी आहेत. हा मार्ग कोठे चिंचोळा होतो आणि खाण, रस्ता किंवा बांधकाम त्याला कोठे तोडते, हे कोणाही नागरिकाला पडद्यावर पाहता आले पाहिजे. अन्यथा हा मार्ग केवळ कागदावर उरेल.

ठावठिकाणा राखण्याची गरज

जमिनीचा नकाशा आणि जनावराचा आजचा ठावठिकाणा यांत मात्र मूलभूत फरक आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातील एका वाघाच्या गळपट्ट्याकडून येणारी माहिती ज्या ई-मेल खात्यात जमा होत होती, ते खाते उघडण्याचा प्रयत्न पुण्यातील एका संगणक पत्त्यावरून झाल्याचे उघडकीस आले. यंत्रणेने तो प्रयत्न रोखला. त्यामागे शिकारीचाच हेतू होता, असे म्हणता येणार नाही. परंतु रान न तुडवताही वाघाचा माग काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो, हे त्यातून दिसले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीच्या रानात सोडण्यात आली. जेथे वाघ बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे एकेका जनावराची सुरक्षितता निर्णायक ठरते.

धोका केवळ अशा घुसखोरीतून नाही. पर्यटकाने गव्याचे किंवा बिबट्याचे छायाचित्र टिपताच मोबाईल त्यावर स्थळाचे अक्षांश-रेखांश नोंदवू शकतो. ते छायाचित्र तसेच पुढे पाठवले, की नेमकी जागाही पुढे जाते.

याची दुसरी बाजूही आहे. रानालगतच्या शेतकऱ्याला 'माहिती गुप्त आहे' असे सांगून चालणार नाही. पहाटे उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला शिवारात गवा असल्याचे वेळीच कळणे, हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याला 'गावाच्या पश्चिमेच्या शिवारात कळप आहे' एवढी सूचना पुरेशी ठरते. गळपट्ट्याची अचूक नोंद वन विभागाकडेच राहावी, सर्वसाधारण सूचना मात्र तातडीने गावात पोचावी. संशोधनाच्या नोंदी काही काळ लोटल्यावर आणि नेमकी जागा वगळून प्रसिद्ध करता येतील. अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर पर्यटकांना मोबाईलमधील स्थळनोंद बंद करण्यास सांगणे तर विनाखर्च होण्याजोगे आहे.

रानाचा नकाशा जितका खुला राहील, तितके त्यावरील अतिक्रमण लपवणे अवघड होईल. जनावराचा ठावठिकाणा जितका जपला जाईल, तितकी शिकाऱ्याची वाट बिकट होईल. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे, ही यापुढे वन विभागाची कसोटी असेल.