करमणुकीचे पालक

करमणूक आणि राजकारण यांचा संबंध येऊं नये, असा उपदेश करणारा सुशिक्षितांचा एक वर्ग आपल्याकडे पूर्वापार आहे. आम्हांस हा उपदेश भाबडा नव्हे, लबाडीचा वाटतो. कारण इतरांची करमणूक कशी असावी हें ठरविण्याचा अधिकार याच मंडळींना हवा असतो.

परकीय सरकार या बाबतींत अधिक प्रामाणिक होतें. खाडिलकरांचें 'कीचकवध' १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कथा महाभारतांतली, पण कीचकाच्या ठायीं प्रेक्षकांनीं लॉर्ड कर्झनला ओळखलें. १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. रंजनासाठीं तिकीट काढणारा माणूस राजकारण घेऊन घरीं परततो, हें साहेबाला पुरतें कळलें होतें.

स्वराज्यांत काय झालें? १९५२ सालीं नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपल्यापैकींच, पुण्याचे. शास्त्रीय संगीताविषयींची त्यांची कळकळ खरी होती व त्या संगीताला त्यांनीं दिलेला आश्रय मोलाचा, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्या कळकळीपायीं चित्रपटगीतांवर कात्री चालली, निर्मात्यांशीं बेबनाव झाला आणि तीं गीतें आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. लोकांनीं सभा भरविल्या नाहींत कीं मोर्चे काढले नाहींत. रेडिओचा कांटा तेवढा सिलोनकडे फिरविला. तेथें एका टूथपेस्टच्या नांवानें चाललेली 'बिनाका गीतमाला' घरोघर पोहोंचली. अखेर १९५७ सालीं सरकारला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

लोकांची आवड व्यापारी घडवितात, असा आक्षेप येईल. तो खराहि आहे. मग भांडण व्यापाऱ्याशीं करावें. श्रोत्याचे कान कां पिळावे?

आणि व्यापाऱ्याशीं तरी आपण भांडतों का? २००५ सालीं महाराष्ट्रांत साध्या बारमधील नृत्यावर बंदी आली. तीन तारे व त्यांहून अधिक तारे मिरविणाऱ्या हॉटेलांस मात्र सूट मिळाली. नाच तोच, परंतु पाहणाऱ्याचा खिसा जड असला कीं संस्कृति बुडत नाहीं, असा त्या कायद्याचा सरळ अर्थ होता. हा भेद उच्च न्यायालयानें २००६ सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं अमान्य केला. मधल्या वर्षांत ज्या नर्तकींची मिळकत बुडाली, त्यांची चौकशी बंदीचें स्वागत करणाऱ्या आमच्या पांढरपेशा बंधुभगिनींपैकीं कितीजणांनीं केली?