पाच टक्के पिठावर, शून्य टक्के शहराला



किराण्याच्या दुकानातून पाच किलो आट्याची थैली घ्या. समजा, थैली 200 रुपयांची आहे. 18 जुलै 2022 पासून तिच्यावर 10 रुपये जीएसटी चढला. त्यातले पाच दिल्लीच्या खात्यात, पाच मुंबईच्या. थैली काखेत मारून दुकानाबाहेर निघालात की जी तुंबलेली नाली ओलांडावी लागते, ती उपसण्याचे काम मात्र आपल्या खामगाव नगरपरिषदेचे. त्या 10 रुपयांवर तिचा हक्क किती? शून्य.

हे पत्रक त्या 10 रुपयांबद्दल आहे.

कर ठरला चंदीगडला, 28 आणि 29 जूनला, जीएसटी परिषदेच्या 47 व्या बैठकीत. त्या दिवसांत महाराष्ट्राला पिठामिठाची शुद्ध नव्हती. सरकार पडत होते, आपल्या जिल्ह्यातले बुलडाणा आणि मेहकरचे आमदार बंड करून गुवाहाटीची वारी करत होते आणि सगळा महाराष्ट्र टीव्हीवर तिथली झाडी आणि डोंगर पाहत होता. तेवढ्यात गहू, तांदूळ, डाळ, पीठ, गूळ, मुरमुरे, दही, ताक हे सगळे पाकिटात भरून लेबल लावले की 5 टक्क्यांत गेले. धान्य, डाळ, पिठावर आधी हा कर ब्रँडवाल्या मालापुरता होता. आता साध्या गिरणीच्या पाकिटालाही लागला. आणि कोणत्याही पक्षाने आमच्या दारात येऊन हात झटकू नयेत. ज्या मंत्रिगटाने ही शिफारस केली त्यात राजस्थान, केरळ आणि पश्चिम बंगालचेही मंत्री होते.

जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश. शहरांना तिथे खुर्चीच नाही.

आता वरून सांगतात, सुटे घ्या, सुट्यावर कर नाही. मोठी सोय झाली! गेली कित्येक वर्षे सरकारच आम्हा दुकानदारांना बजावत आले की माल बंद पाकिटात ठेवा, वजन लिहा, तारीख लिहा. पावसाळ्यात उघड्या चुंगडीतला रवा आठ-दहा दिवसांत जाळ्या धरतो, हे गिऱ्हाईकही जाणते, म्हणून तेही पाकिटाकडे वळले. सांगितले तसे वागलो, त्याचा हा दंड.

त्यातली गंमत पाहा. 25 किलोपर्यंतच्या पाकिटावर कर आहे, त्याच्या वर गेले की माफ. म्हणून बाजारात 26 आणि 30 किलोचे कट्टे आले. ज्याच्या घरी पगार एकरकमी येतो तो 30 किलोचा कट्टा स्कूटरवर टाकतो आणि कर अगदी कायद्याने वाचवतो. एमआयडीसीतला रोजंदार संध्याकाळी हजेरीचे पैसे हातात पडले की किलोभर पीठ आणि पाव किलो डाळ नेतो. पाकीट नेले तर 5 टक्के त्याने भरायचे. जेवढी खरेदी लहान तेवढा कर पक्का! गल्लीतल्या किराणावाल्याची उलाढाल 40 लाखांच्या आत, म्हणून त्याची जीएसटीत नोंद नाही. तो खरेदीत भरलेला कर परत मिळवू शकत नाही, मग तो किमतीत मिसळतो. बिलावर कर दिसत नाही, महागाई दिसते. शिव्या गल्ल्यावर बसलेल्याला.

वऱ्हाडाला विक्रीकर नवा नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा विक्रीकर कायदा 1947 चा. पुढे मुंबईचा कायदा आला, 2005 साली व्हॅट, 2017 साली जीएसटी. नावे बदलली, पैसा नेहमी वरच गेला. पण तेव्हा शहराच्या हातात स्वतःचे काही होते, ते म्हणजे जकात.

इथे आम्ही व्यापाऱ्यांनी एक कबुली द्यायला हवी. जकात आम्हालाच नको होती. नाक्यावर ट्रकांच्या रांगा, पावतीबरोबर चिरीमिरी, पोत्यागणिक हुज्जत. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि आजही ती परत नको. पण तिच्या बदल्यात जे सहायक अनुदान सुरू झाले त्यावरच नगरपरिषदेच्या नोकरांचे पगार अवलंबून राहिले. अनुदान लांबले की पगार लांबतो, पगार लांबला की झाडू थांबतो. आणि 2017 च्या जीएसटीसाठी राज्यघटनेत जी दुरुस्ती झाली, तिने राज्यसूचीतली 52 वी नोंद, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर कर घेण्याची वाटच, कायमची बुजवली.

ती वाट बुजताना मुंबईचे काय झाले? जकात आणि एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर बुडालेल्या महानगरपालिकांसाठी राज्याने कायदाच केला. 2016-17 हे वर्ष पायाभूत धरायचे आणि दरवर्षी 8 टक्के वाढवून भरपाई द्यायची. जुलै 2017 मध्ये मुंबई महानगरपालिकेला 647 कोटींचा पहिला धनादेश समारंभ करून दिला गेला. मुंबईला मिळाले याचे दुःख नाही. पण बुलडाणा जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, नांदुरा या सगळ्या नगरपरिषदा. मोठ्या शहराची भरपाई कायद्याने वाढत जाते, आमचे अनुदान मंत्रालयाच्या मर्जीने येते. हा दुजाभाव आहे, दुसरा शब्द नाही.

आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. 25 किलोपर्यंतच्या धान्य, डाळ आणि पिठाच्या पाकिटावरचा कर काढा. आणि महानगरपालिकांना जसा दिला तसा कायद्याने ठरलेला, दरवर्षी वाढणारा वाटा नगरपरिषदांनाही द्या.

2022 मध्ये नगरपरिषदेत निवडून आलेले सभागृह नव्हते, प्रशासक होते. ठराव कोण मांडणार होते? म्हणून सह्या आपणच करायच्या ठरल्या. निवेदनाचा कागद किराणा दुकानांच्या गल्ल्यावर ठेवला आहे. पुढच्या वेळी पीठ घ्यायला याल तेव्हा सही करा, आणि पाकिटाची पावती असेल तर ती कागदाला टाचा.

आपले,
खामगावातले काही किराणा दुकानदार आणि त्यांची गिऱ्हाइके
ऑगस्ट 2022